कुणाला लागलं का?

माणसाला आयुष्यात एकदा तरी न्यायाधीश व्हावंसं वाटतं. बहुतेकांची ही हौस पोरांच्या भांडणावर भागते. ज्यांची पोरं ऐकत नाहीत ते वर्तमानपत्रांना पत्रं लिहितात. माझ्या वाट्याला मात्र खरोखरीचं न्यायासन आलं. ते सत्तर मिनिटांपुरतं होतं, भर उन्हात होतं, आणि त्यात आसन असं काही नव्हतंच. पळत पळत न्याय करायचा होता. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असते म्हणतात. माझ्या डोळ्यांवर चष्मा होता आणि गळ्यात पंधरा रुपयांची शिट्टी.

ही गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही. पण ४ ऑगस्ट २०२४ या दिवशी अण्णांनी ती माझ्या तोंडून काढायचा प्रयत्न केला. रविवार होता. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, त्यामुळे आमच्या सोसायटीच्या जिन्यात प्रत्येक मजल्यावर वेगळ्या मसाल्याचा वास. अण्णांकडे टीव्ही मोठा, म्हणून पॅरिस ऑलिंपिकमधली भारत-ग्रेट ब्रिटन हॉकीची उपांत्यपूर्व लढत बघायला आम्ही आठ-दहा जण तिथं जमलो होतो. त्यांतल्या सहा जणांना हॉकीत एका बाजूला किती खेळाडू असतात हे सामना सुरू झाल्यावर कळलं. पण सतराव्या मिनिटाला अमित रोहिदासची स्टिक ब्रिटनच्या विल कॅलननच्या तोंडावर लागली, पंचांनी व्हिडिओ पाहून लाल कार्ड काढलं, आणि त्या क्षणी खोलीतले सगळेच्या सगळे हॉकीतज्ज्ञ झाले.

“मुद्दाम मारली का त्यानं?” अण्णा ओरडले.

“स्टिक आहे, लागणारच! नाहीतर बुद्धिबळ खेळा म्हणावं!”

“इंग्रजांची जुनी खोड आहे ही,” वरच्या मजल्यावरचे एक निवृत्त गृहस्थ म्हणाले. लाल कार्डात इंग्रजांचा हात कसा, हे त्यांना कुणी विचारलं नाही. मार खाल्लेला माणूस इंग्रजांच्या बाजूचा होता, एवढा पुरावा आमच्या खोलीला पुरला.

मी गप्प होतो. अण्णांच्या ते लक्षात आलं. “काय रे, तू का गप्प? तू तर एकदा अंपायर होतास ना कॉलेजच्या मॅचला? सांग की, हे बरोबर आहे का?”

“भजी गार होताहेत, अण्णा,” मी म्हणालो.

पुढे भारत चाळीसहून अधिक मिनिटं दहा खेळाडूंनिशी लढला, १-१ अशी बरोबरी राखली आणि श्रीजेशच्या कृपेनं शूटआउटमध्ये ४-२ असा जिंकला. त्यामुळे पंचांचा विषय रस्सा-भाकरीत विरघळला. माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. त्या रात्री मला नेमका चेंडू दिसत राहिला. पॅरिसचा नाही, २००७ सालचा.

तेव्हा माझी बदली एका तालुक्याच्या गावी झालेली होती. डिसेंबर महिना. शनिवारी बँका अर्धा दिवस असत, तो शनिवार. गावातल्या एका कॉलेजचे फिजिकल डायरेक्टर काउंटरवर आले. ते आमचे खातेदार. त्यांच्या मैदानावर दुपारी आंतरमहाविद्यालयीन हॉकीचा सामना, आणि दोन पंचांपैकी एकाची एसटी कुठल्याशा घाटात बंद पडलेली.

“साहेब, तुम्ही कॉलेजात गोली होता ना?”

“राखीव गोली,” मी खरं ते सांगितलं. राखीव गोलीचं काम म्हणजे मध्यंतराला लिंबाच्या फोडी वाटायच्या आणि पहिला गोली आजारी पडू नये म्हणून मनोभावे प्रार्थना करायची. माझ्या तीन वर्षांत माझी प्रार्थना एकदाही वाया गेली नाही.

“मग झालं तर! गोलीला सगळं मैदान दिसतं,” ते म्हणाले आणि नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स माझ्या हातात ठेवून गेले.

बँकेतला माणूस परिपत्रक वाचतो तसं मी ते पुस्तक वाचलं. सगळं, तळटीपांसकट. मैदान शंभर यार्ड बाय साठ यार्ड, चेंडूचं वजन १५६ ते १६३ ग्रॅम. म्हणजे आकारानं टोमॅटोएवढा, पण टोमॅटोचा एकही गुण अंगात नसलेला असा हा टणक गोळा. पंच दोन, प्रत्येकाकडे अर्धं मैदान. आणि मग धोकादायक खेळाच्या नियमाशी मी थबकलो. त्याचा मतलब असा होता की, चेंडूपासून स्वतःला वाचवण्यासाठी खेळाडूला रास्तपणे बाजूला व्हावं लागलं, वाकावं लागलं, तर तो चेंडू धोकादायक समजावा. लागला पाहिजे असं नाही. वाकावं लागलं, एवढं पुरे.

मला तो नियम फार आवडला. आमच्या बँकेच्या कुठल्याही परिपत्रकात इतका शहाणपणा मी वाचलेला नव्हता. आमच्याकडे आधी अपहार होतो, मग परिपत्रक निघतं. इथं कुणीतरी आधीच विचार करून ठेवला होता की, माणसाच्या अंगाला भीती कळते, तिच्यावर विश्वास ठेवा. रक्ताची वाट बघू नका. असं वाटलं की हा नियम लिहिणारा माणूस कधीतरी राखीव गोली असला पाहिजे.

दुपारी अडीचला सामना सुरू झाला. मैदान मुरमाचं. चेंडू सरळ आला तर योगायोग. एक संघ लाल बनियनचा, तो यजमान. दुसरा निळा, पाहुणा. नडगीला लावायचे पॅड निम्म्यांकडे होते. बाकीच्यांनी मोज्यांत जर्नलचे पुठ्ठे खुपसले होते. आमच्या पिढीत जर्नलचा एवढा सदुपयोग दुसरा कुणी केला नसेल. दातांना, तोंडाला काही नाही. तोंड उघडंच.

बाराव्या मिनिटाला लालवाल्यांचा सेंटर फॉरवर्ड माझ्या बाजूच्या डीमध्ये घुसला. पैलवानी अंगाचा गडी होता. त्यानं स्टिक फिरवली, मुरमाच्या खड्यावरून चेंडू उसळला आणि छातीच्या उंचीवरून निघाला. समोर चार-पाच हातांवर निळ्यांचा एक किडकिडीत फुलबॅक, पाठीवर चार नंबर. तो वाकला. कुणीही वाकला असता. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला आणि जाळीत.

मी शिट्टी वाजवली. गोल नाकारला, निळ्यांना फ्री हिट दिली.

त्यानंतर मैदानाभोवती जे झालं त्याला गदारोळ म्हणणं सौम्य ठरेल. यजमान कॉलेजची सगळी पोरं दोरीला लागून उभी होती. त्यांतून एक आवाज आला, “कुणाला लागलं का?” आणि मग तीच घोषणा झाली. टाळ्यांच्या ठेक्यावर. “कु-णा-ला ला-ग-लं का! कु-णा-ला ला-ग-लं का!” सोफ्यावर बसलेल्या प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. लालचा कप्तान माझ्यापुढे उभा राहिला.

“सर, त्याला लागलंच नाही.”

“तो वाकला म्हणून नाही लागलं.”

“वाकला ना? मग धोका कसला?”

त्याच्या या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही चारचौघांत देता येईल असं उत्तर नाही. तर्कशास्त्र त्याच्या बाजूनं होतं. जे झालंच नाही त्याचा पुरावा कुठून आणणार? दरम्यान लाल पोरांनी त्या चार नंबरचं ‘भित्री भागूबाई’ असं बारसं करून टाकलं होतं. त्याचा स्वतःचा कप्तानही, ज्याचा एक गोल त्या वाकण्यानं वाचला तोही, त्याला म्हणताना मी ऐकलं, “पुढच्या वेळी अडव रे, वाकतोस काय!”

मध्यंतराला चहा आला. फिजिकल डायरेक्टर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, “साहेब, जरा खेळ वाहता ठेवा. सारख्या शिट्ट्या बऱ्या नाहीत. पोरांचा मूड जातो.” मी एकूण सहा शिट्ट्या वाजवल्या होत्या. दुसरे पंच जुने जाणते, केस पांढरे झालेले. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि मला या व्यवसायातलं मर्म सांगितलं: “रक्त दिसलं की वाजवायची. सोपं पडतं. कुणी भांडत नाही.”

उत्तरार्धात पंधराव्या मिनिटाला त्याच पैलवानानं तसाच फटका मारला. चेंडू या वेळी मांडीच्या उंचीवर होता. चार नंबर अर्धवट वळला. पुरता नाही, कारण आता त्याला नाव मिळालेलं होतं. चेंडू त्याच्या कमरेला चाटून बाहेर गेला. माझी शिट्टी ओठांत होती. ती ओठांतच राहिली. दोरीपलीकडून टाळ्या पडल्या. “शाब्बास पंच!” असं कुणीतरी ओरडलं. आणि इथं मला एक कबुली दिली पाहिजे: मला बरं वाटलं. काउंटरच्या मागे सात वर्षं बसून मला कुणी ‘शाब्बास’ म्हटलेलं नव्हतं.

त्यानंतर सहा-सात मिनिटांनी पुन्हा तीच जागा, तोच गडी. त्याला आता ठाऊक झालं होतं की, हे चालतं. चार नंबरला ठाऊक झालं होतं की, वाकायचं नसतं. आणि मला ठाऊक झालं होतं की, वाजवायची नसते. आम्हा तिघांनाही एकाच शाळेनं शिकवलं होतं, ती शाळा दोरीपलीकडे उभी होती.

आवाज फार मोठा झाला नाही. ओल्या फरशीवर पाट आपटावा तसा. मग तो मुलगा दोन्ही हातांनी तोंड धरून गुडघ्यांवर बसला, आणि बोटांच्या फटींतून रक्त यायला लागलं.

मी शिट्टी वाजवली. खूप जोरात, खूप लांब. त्या दिवसातली माझी सर्वांत मोठी शिट्टी तीच. आणि जाणत्या पंचांनी सांगितलं होतं तसंच झालं. कुणीही भांडलं नाही.

प्रथमोपचाराच्या पेटीत कापूस होता आणि मलमाची एक रिकामी डबी. बर्फ मैदानाबाहेरच्या सरबताच्या गाडीवरून आणला. मुलाला कुणाच्या तरी जीपमधून दवाखान्यात नेलं आणि अकरा मिनिटांनी खेळ पुन्हा सुरू झाला. लाल संघ १-० नं जिंकला. बक्षीस समारंभात दोन्ही पंचांना शाल आणि श्रीफळ. प्राचार्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका. खेळात लागायचंच.” लालचा कप्तान आवर्जून हात मिळवायला आला. “सर, सेकंड हाफ एकदम मस्त घेतलात!”

हिशेब मांडायची सवय असल्यामुळे मी त्या रात्री हिशेब मांडला. बरोबर वाजवलेल्या शिट्टीच्या खाती शिव्या जमा. न वाजवलेल्या शिट्टीच्या खाती शाल, श्रीफळ, चहा आणि सांत्वन. बी.कॉम.ला आम्हाला दुहेरी नोंदीची पद्धत शिकवली होती. पण ही नोंद कुठल्या वहीत बसते, ते शिकवलं नव्हतं.

चार दिवसांनी मी जिल्ह्याच्या दवाखान्यात त्याला बघायला गेलो. बरोबर मोसंबी नेली. गालाचं हाड मोडलेल्या माणसाला मोसंबी चावता येत नाही, हे मला ती त्याच्या उशाशी ठेवताना सुचलं. वडील एसटीत कंडक्टर. ते मला दारापर्यंत पोचवायला आले. “साहेब, तुम्ही आलात, बरं वाटलं. बाकी कुणी आलं नाही.” मी त्यांना सांगायला गेलो होतो, मधली एक शिट्टी मी वाजवली नाही, म्हणून. सांगितलं नाही. त्यांनीच माझी समजूत घातली, “खेळात लागायचंच, साहेब.” पुढे कळलं की डोळ्याखालच्या हाडाला चीर गेली होती, आणि ऑपरेशननंतरही वर पाहिलं की त्याला एकाचे दोन दिसत. पोलीस भरतीची तयारी करत होता. ती तिथंच थांबली.

तेव्हापासून मी या प्रश्नाभोवती फिरतोय. संकट टाळणाऱ्याची मोठी पंचाईत अशी की, तो यशस्वी झाला तर त्याच्यापाशी दाखवायला काहीच उरत नाही. उतू गेलेलं दूध सगळ्यांना दिसतं. वेळेवर बंद केलेला गॅस कुणाला दिसतो? गेल्या वर्षी आमच्या शाखेत एक म्हातारे गृहस्थ घामाघूम होऊन आले. सहा लाख रुपये ताबडतोब एका खात्यात पाठवायचे होते. फोन कानाला, आणि कुणाशी बोलताय विचारलं तर बोटानं ‘शू’ करून गप्प करणार. अशा घाबरलेल्या म्हाताऱ्यांना फोनवर खोटे पोलीस कसे लुबाडतात हे तुम्ही वाचलंच असेल. मी ‘लिंक गेली’ म्हणून सांगितलं. बँकेच्या इतिहासात हे वाक्य इतक्या वेळा खरं ठरलंय की, खोटं बोलतानाही ते पटतं. गृहस्थांनी मला उभ्या शाखेसमोर कामचुकार म्हटलं, साहेबांकडे तक्रार केली, आणि पुढच्या आठवड्यात खातं समोरच्या बँकेत नेलं. ते पैसे खरोखरच चोराच्या घशात जात होते की पुतण्याच्या लग्नाचे होते, मला आजतागायत कळलेलं नाही. साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विचारलं ते एवढंच: “अहो, पण फसवणूक झाली का?” म्हणजे पुन्हा तेच. कुणाला लागलं का?

याचा अर्थ ऊठसूट शिट्टी वाजवत सुटावं असाही नाही. २००७ नंतर दोन-तीन वर्षं मी तेही करून पाहिलं. मुलगा स्टुलावर चढला, वाजव. ही ओल्या हातानं मिक्सरचं बटण दाबायला गेली, वाजव. एक दिवस ती शांतपणे म्हणाली, “अहो, कुकरसुद्धा तीन झाल्या की थांबतो.” टोमणा म्हणून ठीक होता, पण मी विचारात पडलो. कारण साऱ्या घरात कुकर हा एकच पंच असा आहे की ज्याची शिट्टी निमूटपणे मानली जाते. काही झालेलं नसताना तो वाजतो, आणि त्याला कुणी विचारत नाही, “का रे बाबा, स्फोट झाला का?” कुकरवर आपला विश्वास आहे. माणसावर नाही. कदाचित कुकरला टाळ्यांचा मोह होत नाही म्हणून असेल.

म्हणूनच लोक पंचापेक्षा वस्तूंवर भिस्त ठेवायला लागले असावेत. अमेरिकेत कॉलेजची हॉकी म्हटली की बहुधा बर्फावरची. तिथं १९८० च्या सुमारास मुलांना तोंडभर जाळी सक्तीची झाली. तोंडं वाचली. पण तिथले काही जाणकार तक्रार करायला लागले की, जाळी आहे म्हणून पोरं जास्तच बेफाम धडकतात आणि पंचही डोळेझाक करतात. आपल्या हॉकीतही आता पेनल्टी कॉर्नर अडवणारे मुखवटे घालून उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. त्या चार नंबरच्या तोंडावर तसलं काही असतं तर मी हा लेख लिहीत नसतो. फक्त मुखवटा वाकत नाही, एवढं लक्षात ठेवलं पाहिजे. चेंडू येतोय हे आधी कळतं ते आतल्या माणसालाच.

आता पॅरिसचं. अण्णांना मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही, ते इथं देतो. मला ते लाल कार्ड कडक वाटलं. हिरव्या कार्डाला दोन मिनिटं बाहेर, पिवळ्याला निदान पाच, आणि लाल म्हणजे उरलेला सामना. शिवाय रोहिदासला जर्मनीविरुद्धच्या उपांत्य सामन्यालाही मुकावं लागलं, आणि तो आपण २-३ असा हरलो. हॉकी इंडियानं पंचगिरीबद्दल रीतसर तक्रारही केली. पुढे स्पेनला हरवून ब्राँझ मिळालं म्हणून दुःख हलकं झालं. पण “मुद्दाम मारली का?” हा अण्णांचा प्रश्न मला पटत नाही. मुद्दाम होतं की नाही हे गालाच्या हाडाला कळत नाही. माझ्या पैलवानानंही मुद्दाम मारलं नव्हतं. चांगला पोरगा होता, नंतर रडत होता. मीही शिट्टी मुद्दाम गिळली नव्हती. तिघांपैकी कुणाचाच काही इरादा नव्हता आणि तरी एक डोळा कायमचा बिघडला. माझी खरी अडचण वेगळी आहे. समजा, कॅलनन वेळेवर मागे सरकला असता. स्टिक तशीच फिरली असती, तितक्याच उंचीवरून, तितक्याच वेगानं. तर कार्ड निघालं असतं? व्हिडिओ कुणी मागे नेऊन पाहिला असता? मला नाही वाटत. कॅमेरे कितीही लावा, आपण सगळे अजून त्या पांढऱ्या केसांच्या पंचांच्याच घराण्यातले आहोत.

हे सगळं मी मनातच ठेवणार होतो. पण गेल्या जूनमध्ये माझी बदली पुन्हा त्याच गावी झाली. दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात, सोमवारची गर्दी, आणि रांगेत एक गृहस्थ टोकन नंबरचा बोर्ड बघत होते. बोर्ड वर लावलेला आहे. आपण तिकडे नुसते डोळे उचलून बघतो. त्यांनी आख्खी मान मागे टाकली, विहिरीतल्या माणसानं वर बघावं तशी. मला नाव आठवायच्या आधी पाठीवरचा नंबर आठवला.

त्यांनीही मला ओळखलं. “सर, तुम्ही हॉकीचे पंच ना? मोसंबी घेऊन आला होता.” मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, बरं चाललंय, मुलगी आठवीत आहे. मी विचारायच्या आधीच ते हसून म्हणाले, “तेव्हा मीच वाकलो नाही हो. चूक माझी. वाकायला पाहिजे होतं.”

“पहिल्या वेळी वाकला होतात,” मी म्हणालो. “ते बरोबर होतं.”

“गोल नाकारला होतात तुम्ही.”

“हो. तोही बरोबर होता.”

ते जरा थांबले. काउंटरच्या कडेवर बोटानं एक रेघ ओढली. “आणि मधला एक सोडलात.”

सतरा-अठरा वर्षं मी समजत होतो की, तो चेंडू फक्त मलाच आठवतो. “हो,” मी म्हणालो. “तो वाजवायला पाहिजे होता.”

त्यांनी मान हलवली. रागानं नाही, हिशेबातली एक जुनी रक्कम जुळल्यावर आपण हलवतो तशी. मग पैसे काढायची स्लिप पुढे सरकवली. चाळीस हजार. मी स्क्रीनवर सही काढली. कॉलेजात असताना केलेली, वळणदार, खाली दोन टिंबांची. स्लिपवरची नुसती वेडीवाकडी रेघ.

“जुळत नाही,” मी म्हणालो. “पुन्हा करा. आणि आधार कार्ड दाखवा.”

“अहो सर! तुम्ही ओळखता ना मला? मीच उभा आहे की समोर!”

“पुन्हा करा.”

ते कुरकुरत पेन शोधायला लागले. मागे रांग चुळबुळली. “काय भानगड आहे हो तिकडं? चला की लवकर!” कुणीतरी म्हणालं, आणि अगदी मागून एकानं तोंडात दोन बोटं घालून लांबलचक शिट्टी मारली. मी माझं पेन त्यांच्यापुढे ठेवलं आणि थांबलो.